हे आधी कुणी केलंय का?

९ जानेवारी

ही डायरी काल संघटनेच्या मेळाव्यात मिळाली. शटरवाल्यांच्या संघटनेचा मेळावा म्हणजे एरवी दोन भाषणं आणि तीन भांडणं. पण काल भाषण माझं होतं! शाळेत सुद्धा मला कुणी फळ्याजवळ बोलावलं नव्हतं आणि काल माइकपुढे उभं केलं, फुलांचा गुच्छ दिला आणि वर ही डायरी. कापडी पुठ्ठ्याची आहे, रोज एक पान. आता एवढी चांगली डायरी दूधवाल्याचा हिशेब लिहायला थोडीच वापरायची? म्हणून लिहायला बसलो.

झेल सोबत नेला होता. मीच नाव ठेवलंय, झेल. दुकानाचं लोखंडी शटर वर गुंडाळलेलं असतं ते स्प्रिंगच्या जोरावर. स्प्रिंग तुटली की ते धाडकन खाली येतं आणि खाली जो असेल त्याचं कल्याण करतं. माझा झेल त्याला वरच्या वर धरतो. टेबलावर छोटं शटर लावून दाखवलं. करवतीने स्प्रिंग कापली, टक् असा आवाज झाला आणि शटर जागच्या जागी. अख्ख्या सभागृहात टाळ्या! एकजण ओरडला, "झाकण उघडा की राव, आत काय जादू आहे ते कळू दे." उघडलं झाकण. एकेक भाग बोट ठेवून समजावला. आपल्याच धंद्यातली माणसं, त्यांच्यापासून काय लपवायचं? समोर फोनच फोन वर धरलेले. बारक्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ, मागून सदरा ओढत होता. त्याला माझं कौतुक कधी सोसवलंय?

खाली उतरल्यावर संघटनेचा खजिनदार कानाशी लागला. म्हणाला, "पेटंट घ्या हो याचं. नाहीतर एखादा कारखानदार उचलेल आणि तुम्ही बसाल टाळ्या वाजवत." खरंच की. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आजपासून तोंडाला कुलूप. झेल आतून कसा आहे हे आता कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

१४ जानेवारी

वर्कशॉपच्या आपल्या शटरवर झेल बसवलेला होता तो काढून कपाटात टाकला. किल्ली माझ्या कमरेला. बारक्या म्हणाला, "दादा, आपलं शटर तरी झेलावर राहू दे की. रोज आपणच दोघं त्याच्याखाली उभे असतो." मी म्हटलं, येणारा-जाणारा मान वर करून बघतो, फुकटचं प्रदर्शन कशाला?  त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

आता सगळं मुळापासून लिहून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी एका औषधाच्या दुकानाचं शटर बसवताना स्प्रिंग तुटली आणि बारक्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी शिडीवर होतो. तो आवाज अजून कानात आहे. त्यानंतर मला चैन पडेना. झेल मी केला तो त्यातून. रात्रंदिवस खपलो. बारक्याने काय केलं? दवाखान्यात पडल्या पडल्या बडबडायचा, "दादा, शटर पडायला लागल्यावर अडवून काय उपयोग रे, तोवर वेग आलेला असतो. स्प्रिंगचा ताण गेला की त्याच क्षणी अडकायला हवं." औषधाच्या गुंगीत माणूस काय वाटेल ते बोलतो. बोलायला काय जातं? कानस घेऊन खिट्टी घासली ती मी.

२१ जानेवारी

आज शोधवाल्या बाईंकडे गेलो. पेटंटचा अर्ज करण्याआधी जगात हे कुणी करून ठेवलंय का ते शोधावं लागतं म्हणे. बाई तेच काम करतात. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन संगणक, एक खुर्ची पाहुण्याला आणि त्या खुर्चीवरही फायली. वय माझ्या पुतणीपेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी जास्त. मनात म्हटलं, ही काय शोधणार! पण बोलायला मात्र वकिलाची आई.

पहिला प्रश्न, "हे कुठे दाखवलंय का? छापून आलंय, विकलंय, कुणाला समजावून सांगितलंय?"

मी म्हटलं, "बाई, सख्ख्या बायकोला पत्ता नाही आत काय आहे त्याचा. झेल कपाटात आणि किल्ली माझ्याकडे."

"नीट आठवून सांगा. अर्ज करायच्या आधी जगापुढे आलं तर ते नवं राहत नाही. कुणीही आणलेलं असो."

मला राग आला. मी काय बोळ्याने दूध पितो? म्हटलं, नाही दाखवलं. चोराच्या हाती किल्ल्या द्यायला मी खुळा नाही. त्यांनी लिहून घेतलं.

दुसरा प्रश्न, "यात आणखी कुणाचा वाटा? कल्पनेत, नुसता लोखंडकामात नव्हे."

"कुणाचा नाही."

"वर्कशॉपच्या पाटीवर तर 'बंधू' लिहिलंय."

"ते पाटीपुरतं." तेही त्यांनी लिहून घेतलं.

२३ जानेवारी

ही विचारते, "भावोजींचं नाव घातलंत ना कागदात?" मी म्हटलं, तू स्वयंपाकाचं बघ. तर म्हणते, "तेच बघतेय. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात डबा मीच नेत होते. ते डाव्या हाताने कागदावर काय काय रेघोट्या मारून तुम्हाला दाखवायचे, मी पाहिलंय."

बायकांनी सगळं पाहिलेलं असतं!

३० जानेवारी

आज बाईंशेजारी बसून शोध पाहिला. मला वाटलं होतं, 'शटर पडू नये म्हणून' असं लिहायचं आणि बटण दाबायचं. छे! पेटंटच्या कागदात शटरला शटर म्हणायची बंदी असावी. तिथे ते 'गुंडाळता येणारं आवरण' असतं. खिट्टी म्हणजे 'अटकाव करणारा घटक'. खिळ्याला काय म्हणतात ते ऐकून मी हसलोच, 'लांबट जोडणी साधन'. म्हटलं, बाई, यांच्या घरी बायको जेवायला कशी हाक मारत असेल?

त्याही हसल्या. मग म्हणाल्या, "मुद्दाम करतात. शब्द जितका सैल तितकं जास्त अंगण आपलं. म्हणून आपल्याला सगळी नावं घालून शोधावं लागतं. दार, पडदा, आवरण, अगदी मोटारीच्या सीटचा पट्टा सुद्धा. तोही धरतोच ना झटका बसला की?"

एकामागून एक चित्रं निघत होती. चित्रात बारीक रेघा, प्रत्येक भागाला आकडा आणि आकड्याकडे जाणारा बाण. इतक्या लोकांनी पडणारं शटर धरायचा विचार केलाय हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, जगात या गोष्टीने झोप उडालेला मी एकटाच. एक तर शंभर वर्षांपूर्वीचा निघाला. कुठल्या थंड देशातला लोहार, नाव वाचताही येईना, पण खिट्टी काय सुरेख काढलीय! या माणसाच्याही घरात कुणाची बोटं गेली असतील काय?

असं काही मनात आलं की माणूस ढिला पडतो. म्हणून लगेच निघालो.

४ फेब्रुवारी

सकाळी बाईंचा फोन, "एक फार जवळचं सापडलंय, या."  गेलो. चित्र पाहिलं. तीच दातेरी चकती, तीच खिट्टी, झाकण सुद्धा तसंच गोल. तीन वर्षं पाण्यात!  बाईंनी पाणी दिलं.

मग त्या ओळ न् ओळ वाचत बसल्या. मी खिडकीतून खाली झेरॉक्सवाल्याकडची रांग बघत होतो. त्या रांगेतल्या प्रत्येकाचा मला राग येत होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "नाही, हे तुमचं नाही. यांची खिट्टी वेगावर चालते. शटर जोरात पडायला लागलं की मग अडकते. आत्तापर्यंत जेवढी सापडली ती सगळी तशीच. तुमची ताणावर आहे. स्प्रिंग ताणलेली आहे तोवर ती खिट्टीला दूर दाबून धरते, ताण गेला की शटर हलायच्या आधीच खिट्टी दातात. हा एक मुद्दा कुणाकडेच नाही. सगळा जीव त्यातच आहे तुमच्या शोधाचा. कसं सुचलं हो तुम्हाला?"

मी म्हटलं, अनुभव.

रस्त्याने शीळ घालत आलो. या वयात! कोपऱ्यावरच्या चहावाल्याला म्हटलं, आज साखर जरा जास्त घाल.

८ फेब्रुवारी

बाहेरच्या कामावरून परत आलो तर बारक्या वर्कशॉपच्या फोनवर बोलत होता. मला पाहिल्यावर आवाज खाली. "हो हो, तसंच करा," म्हणाला आणि ठेवला. कुणाचा होता, तर म्हणे शोधवाल्या बाईंचा.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही, नावाचं विचारत होत्या."

आणि वळून ग्राइंडर चालू केला. नावाचं! म्हणजे याने नाव घुसवायचं चालवलंय माझ्या मागे. 'तसंच करा' म्हणजे कसं करा? विचारणार होतो, पण मग वाटलं, कळू द्यायचं नाही आपल्याला कळलंय ते. बाईंना दुपारी फोन करून बजावलं, माझ्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही. त्या म्हणाल्या, "विचारणं माझं काम आहे. आणि तुमचे भाऊ फार सज्जन आहेत." घ्या! एका फोनमध्ये यांना भाऊ कळला. मी बावन्न वर्षं बघतोय त्याला.

११ फेब्रुवारी

वर्कशॉपच्या भिंतीवर, बसतो त्याच्या बरोब्बर समोर, एक खिळा ठोकला. पेटंटचा कागद चौकट करून तिथे लागणार. ही म्हणाली, "बारसं आधी आणि बाळ मागाहून." मला हसू आलं नाही.

लोकांना काय वाटायचं ते वाटो. जन्मभर 'ए शटरवाले' ऐकलं. धाकट्या साडूच्या घरी माझी ओळख अजून 'हे दुकानांची दारं बसवतात' अशी करून देतात. एकदा माझं नाव छापील कागदावर, सरकारी शिक्क्याखाली यावं. एकट्याचं. बाकी मला काही नको.

१७ फेब्रुवारी

अक्षर लागेल तसं लागो, आज लिहायलाच हवं.

सकाळी बाईंचा फोन. नेहमीसारख्या बोलत नव्हत्या. म्हणाल्या, "पेटंटं संपली, काल नुसते व्हिडिओ बघत होते. एक सापडलाय. काका, हा तुमचाच झेल आहे. झाकण उघडलेलं, आतला भाग न् भाग दिसतोय. तुम्ही आधी बघा, मग बोलू. फोनवर पाठवलाय."

मी म्हटलं, कुणी टाकलाय?

"एका मुलीचं खातं आहे. आडनाव तुमचंच."

झालं. आडनाव माझं आणि मुलगी. म्हणजे बारक्याची पोरगी. अजून काय बघायचं राहिलं? किल्ली माझ्या कमरेला असताना कपाट उघडलं कसं, शूट केलं कधी, सगळं डोळ्यापुढे आलं. म्हणून नावाचं विचारत होता, म्हणून 'तसंच करा'. बाई पुढे काहीतरी सांगत होत्या. मी फोन ठेवला आणि सरळ बारक्याच्या घरी.

जेवायला बसला होता. ताटावरून उठवला. तोंडाला येईल ते बोललो. पुतणी रडत फोन घेऊन पुढे आली, "काका, बघा तरी, तुमचाच आहे हो, कौतुकाने टाकला होता मी." मी फोन हाताने उडवला, भिंतीवर आपटला. म्हटलं, कौतुक? माझ्या पाठीत सुरा खुपसून कौतुक?

बारक्या एवढंच म्हणत होता, "दादा, एकदा बघ, मग बोल."

मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? तीन वर्षं पोसतोय तुला. तीन बोटांच्या माणसाला कुणी दारात उभं केलं नसतं. बोटं गेली ती गेली, इमानही गेलं का त्यांच्याबरोबर?"

 भावजय पदर तोंडाला लावून उभी. बारक्याने ताटात हात धुतला आणि तो आत गेला.

मी बोललो ते जरा जास्त झालं असेल. पण चोरी ती चोरी.

१८ फेब्रुवारी

बारक्या आला नाही. बरंच झालं.

वर्कशॉपचं शटर रुंद आहे, दोन बाजूंनी दोघांनी उचलायचं अशी पद्धत. मी उजवीकडे, तो डावीकडे, त्याचा डावा हात धड आहे म्हणून. "उचल" म्हणायचीही गरज पडत नसे. आज एकट्याने मधे धरून उचललं तर गुडघ्यापर्यंत आलं आणि तिरकं होऊन अडकलं. लाथा घातल्या. शेवटी समोरच्या न्हाव्याने हात लावला. वर विचारतो, "भाऊ आजारी का?" हो म्हटलं.

२० फेब्रुवारी

बाईंचे फोन येतायत, घेत नाही. आता काय सांगणार त्या?

ही माझ्याशी बोलत नाही. पोळी वाढताना आपटते. आज एकदाच बोलली, "तो व्हिडिओ बघितलात का?" मी म्हटलं, घाण चघळायची सवय मला नाही. तर म्हणते, "बघा. मी बघितलाय." आणि चेहरा असा केला की जणू चोरी मीच केलीय. घरचेच फितूर, मग बाहेरच्यांना काय बोलणार.

२३ फेब्रुवारी

कळलं की बारक्या नाक्यापलीकडच्या मोठ्या शटरवाल्याकडे कामाला लागला. बघा! मी म्हणत नव्हतो? सगळं आधीच ठरलेलं असणार. झेल घेऊन गेला तिकडे. न्हाव्याला सांगितलं तर तो वस्तरा घासत म्हणाला, "पोट आहे हो माणसाला." ज्याला त्याला त्याचाच पुळका.

२६ फेब्रुवारी

बघितला.

संतापाच्या भरातच बघितला. मोठ्या शटरवाल्यावर फिर्याद करावी, पुरावा हवा, म्हणून दुपारी वर्कशॉपमध्ये बसून उघडला. वर लिहिलंय, 'आमच्या मोठ्या काकांनी लावलेला शोध'. पुढे लाल बदामाची तीन चित्रं. तारीख ८ जानेवारी.

संघटनेचं सभागृह. टेबल. टेबलामागे मी. हातात गुच्छ, तो बाजूला ठेवतोय. "झाकण उघडा की राव" ऐकू येतं आणि मी हसतोय. किती हसतोय! मला माहीत नव्हतं मी असा हसतो. झाकण काढलं आणि म्हणालो, "जवळ या, जवळ या, नीट बघा, घरी जाऊन करता आलं पाहिजे." हे मी बोललो? मीच. मग चकती, खिट्टी, ताण, एकेक. इतकं सोपं करून सांगितलंय की शाळेतलं पोर करील. माझ्या मागे बारक्या दिसतो. आधी सदरा ओढतो. मग पुढे वाकून झाकण उचलतो आणि ते झेलावर ठेवायला बघतो. तीन बोटांत ते झाकण नीट बसत नाहीये. हळू म्हणतो, पण ऐकू येतं, "दादा, पुरे आता. आत काय आहे ते नको दाखवू." आणि मी त्याचा हात बाजूला सारून माइकमध्ये म्हणतो, "धाकट्याला वाटतं मी दमलो!" सगळे हसतात.

पुढे कुणीतरी विचारतं, दोघांनी मिळून केलंत का? मी म्हणतो, "छे हो, कल्पना माझ्या एकट्याची."

तेव्हा बारक्या टाळ्या वाजवतोय. सगळ्यांबरोबर.

आठ जानेवारीचं या डायरीतच पहिल्या पानावर लिहिलंय मी. माझ्याच हाताने. फोनच फोन, झाकण उघडलं, सगळं. ते पान उघडून बसलो होतो. बाईंनी विचारलं तेव्हा मला हे आठवलं कसं नाही? खोटं बोललो नव्हतो हो. दाखवणं म्हणजे चोराला दाखवणं असंच मला वाटत होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना दाखवलेलं मी धरलंच नाही.

२७ फेब्रुवारी

काही नाही. वर्कशॉप उघडलं नाही.

३ मार्च

बाईंकडे गेलो. मनात होतं, काहीतरी वाट निघेल. त्या खुर्चीवरच्या फायली उचलून म्हणाल्या, बसा.

मी म्हटलं, "व्हिडिओ काढून टाकायला सांगतो पोरीला."

"काढून काय होणार? चारशेच्या वर लोकांनी पाहिलाय. सभागृहात होते ते वेगळे. आणि मी पाहिलाय, काका. पाहिलेलं लपवून मी शोधाचा अहवाल देत नाही." मग म्हणाल्या, "काही ठिकाणी स्वतःच दाखवलेल्याला थोडी सवलत असते, पण आपल्याला लागू होईल असं मला दिसत नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

विचारलं होतं. दोनदा.

अहवाल दिला. वीस-बावीस पानं. एकेक पेटंट, त्याच्यापुढे 'वेगळं आहे' असं लिहिलेलं. तो थंड देशातला लोहार, वेगळा. ते गोल झाकणवालं, वेगळं. सगळ्या जगात माझ्या वाटेत कुणी आडवं आलेलं नाही. शेवटच्या पानावर एकच नोंद, 'सर्व भाग तंतोतंत सारखे'. सादर करणारा म्हणून माझं नाव. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, छापील.

जिना उतरताना हसू आलं, ते वाईट हसू. झेरॉक्सवाल्याला वाटलं मी त्याला हसतोय.

६ मार्च

हिला सांगितलं. मला वाटलं होतं, आता बोलून बोलून जीव घेईल. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणेल, हात दाखवून अवलक्षण म्हणेल, कारण मी तिच्या जागी असतो तर सगळं म्हटलं असतं. काही म्हणाली नाही. भांडी लावता लावता म्हणाली, "पेटंटचं जाऊ द्या चुलीत. भावोजींकडे कधी जाताय?"

म्हटलं, जाईन.

"बोटांचं बोललात म्हणे."

पुढे मला तिथे उभं राहवेना.

९ मार्च

आज गेलो. रविवार, म्हणजे तो घरी असणार. वाटेत एका दुकानाचं शटर बसवायचं चाललं होतं. शिडीवर कुणी दोन पोरगे. मान वर करून पाहिलं. स्प्रिंगच्या टोकाशी गोल झाकण, माझंच. ओबडधोबड, पण माझंच. विचारलं, हे काय रे? "झेल आहे काका. व्हिडिओ बघून मालकाने बनवलाय. आता सगळ्यांना हाच लागतो." शटर वर होतं आणि खाली शिडी धरून एकजण निवांत उभा होता. पडलं तर धरेल ते. याचा आनंद व्हायला पाहिजे होता मला. नाही झाला, उगाच खोटं कशाला लिहू.

पुतणीने दार उघडलं. 'काका' म्हणाली नाही, 'या' म्हणाली. तिच्या फोनच्या काचेला तडा तसाच होता. बारक्या खिडकीशी बसून चपलेचा पट्टा शिवत होता. दाभण डाव्या हातात.

वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "बारक्या, चुकलो. बघितला मी."

"बरं झालं," म्हणाला. दोरा ओढला.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस? व्हिडिओ आहे म्हणून? बाईंकडे जायच्या आधी?"

"सांगितलं होतं. घरी येताना, त्याच संध्याकाळी. पोरीने टाकलाय, काढायला सांगू का म्हणून विचारलं. तू म्हणालास, तुझ्या पोटात दुखतंय."

आठवत नाही. पण म्हणालो असणार. माझंच वाक्य आहे ते.

"वर्कशॉपला ये परत," म्हटलं. "शटर उचलत नाही मला एकट्याला."

 भावजयीने पाण्याचा पेला ठेवला. बाहेर कुणाची तरी मुलं चेंडू खेळत होती आणि चेंडू भिंतीवर आपटला की बारक्या जरासा दचकायचा. आवाजाला तो अजून दचकतो हे मला माहीत नव्हतं.

मग त्याने चप्पल खाली ठेवली. म्हणाला, "दादा, एक विचारू? आता अर्ज होणार नाही, तेव्हा फरक काही पडत नाही. पण कागदात माझं नाव घातलं होतंस का रे?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. दवाखान्यात असंच बघायचा, रेघोट्यांचा कागद पुढे करून.

म्हटलं, "होतं. घातलं होतं की."

मला वाटलं होतं, तो खूश होईल. तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"त्या बाईंचा फोन आला होता ना त्या दिवशी वर्कशॉपवर," तो म्हणाला. "त्यांनी हेच विचारलं होतं. म्हणाल्या, तुमच्या दादांनी एकट्याचंच नाव दिलंय, तुमचाही वाटा असेल तर सांगा, घालावं लागेल. मी म्हटलं, नाही, त्याचं एकट्याचंच घाला, त्याचा जीव अडकलाय त्यात. हो हो, तसंच करा."

मग चप्पल उचलून पायात घालून पाहिली, बरोबर झालीय का, आणि आत वळून म्हणाला, "अगं, चहा नको टाकू. दादा निघालाय."

निघालो.

घरी आल्यावर हिने दारातच विचारलं, "काय म्हणाले भावोजी?"

"काही नाही," म्हटलं. "नावाचं विचारत होता."